जूनच्या आधीचे दोन महिने

एप्रिल महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात सात टेबलं मांडली जातात. त्यांच्यासमोर रांगेत उभी असतात ती पाच-सहा वर्षांची मुलं, पाठीमागे त्यांच्या आया, एखादी आजी, क्वचित एखादा बाप. पहिल्या टेबलावर नाव नोंदलं की मूल पुढे सरकतं. मग त्याला लंगडी घालायला सांगतात, आखलेल्या रेषेवरून चालायला सांगतात, कागदाची घडी घालायला देतात. पुढच्या टेबलावर पानं, खडे, बांगड्या असं काहीबाही ठेवलेलं असतं. त्यातलं सारखं-सारखं वेगळं काढायचं. कुठे चित्र दाखवून ‘यात काय चाललंय?’ असं विचारतात, कुठे दोन ढिगांपैकी जास्त कशात ते ओळखायला लावतात, कुठे नुसत्याच गप्पा मारतात: घरी कोण कोण आहे, मैत्रिणीने खेळणं ओढून घेतलं तर तू काय करतेस? शेवटचं टेबल मुलासाठी नसतंच. तिथे आईला बसवतात आणि मुलाला काय आपलं आपण जमतं, कुठे मदत लागते, याच्या खुणा केलेलं कार्ड तिच्या हाती देतात.

हा शाळापूर्व तयारीचा मेळावा. ‘पहिले पाऊल’ या नावाने महाराष्ट्रात तो 2022 मध्ये सुरू झाला. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी त्याची आखणी केली. त्या वर्षीचं निमित्त उघड होतं. जून 2022 मध्ये पहिलीत बसणारी मुलं मार्च 2020 मध्ये, अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हा, जेमतेम तीन-चार वर्षांची होती. ज्या वयात चार अनोळखी मुलांमध्ये बसायची सवय लागते ती दोन वर्षं त्यांनी घरात काढली होती. ती पिढी पुढे सरकली, मेळावे मात्र राहिले. एक एप्रिलमध्ये, दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये. मधल्या उन्हाळी सुट्टीत वस्तीतल्या आयांचे छोटे गट करायचे, त्यांना आठवड्याला पुरतील अशा कृतींची कार्डं द्यायची किंवा मोबाइलवर चित्रफिती पाठवायच्या, आणि जूनच्या मेळाव्यात तीच सात टेबलं पुन्हा मांडून काय फरक पडला ते पाहायचं, अशी ही योजना.

सातही टेबलांवर मुलाला ‘अ’ काढून दाखव असं कोणी म्हणत नाही. बऱ्याच आयांना हे खटकतं. ‘बाकी ठीक आहे हो, पण पाढे?’ हा प्रश्न शेवटच्या टेबलावर ठरलेला.

तो प्रश्न आईचा एकटीचा नाही, गेल्या शंभर वर्षांचा आहे. गुजरातेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या वकिली सोडून आलेल्या गृहस्थांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये दोघांच्या खटपटीतून नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी 1936 मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. ते उत्तम चाललं. तरीही हे शिक्षण पांढरपेशांच्या मुलांपुरतंच राहिलंय ही बोच त्यांना होती, आणि 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि लगेचच विधवा झालेल्या अनुताई तोवर शिकून शिक्षिका झाल्या होत्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्त्यांतली मुलं येईनात. त्यांच्या आया पहाटे मजुरीला जात. मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून, वेळेवर शाळेत पोचवणार कोण? आजच्या भाषेत बोलायचं तर ही मुलं ‘शाळेसाठी तयार’ नव्हती. कोणीही त्यांच्या पालकांना दोष देऊन मोकळं झालं असतं. ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला: मूल येत नाही ना, मग आपण जाऊ. बाई वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात बसू लागल्या. मुलांचे हातपाय धुणं, नखं कापणं हाही अभ्यासक्रमच झाला. मॉंटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधनं बाजूला राहिली. त्यांच्या जागी समुद्रावरचे शिंपले, बिया, पानं, काड्या आल्या. अंगणवाडी ती हीच. पुढे केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा त्या योजनेतल्या केंद्रांना हेच नाव मिळालं.

1950 च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये हललं, तिथे आणखी पुढचा पेच होता. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत यायची ती कडेवर भाऊ घेऊन, किंवा यायचीच नाही, कारण भावाला सोडायचं कुठे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. तिला विकासवाडी म्हणत. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री. दोघींची नावं आता अध्यापक विद्यालयांच्या प्रश्नपत्रिकांत ‘टीपा लिहा’खाली येतात, आणि त्यांनी सोडवलेला प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने चुकीच्या टोकाने धरला जातो. प्रवेशाच्या हंगामात सगळी चौकशी मूल तयार आहे का याचीच होते. शाळा तयार आहे का, हे विचारायचं कोणी?

आता त्या ‘अ’कडे वळू. लिहिणं हे हाताचं काम आहे आणि हात घडायला वेळ लागतो. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात, म्हणजे क्ष-किरणांत दिसतही नाहीत. पहिल्या वर्षात दोन हाडं धरू लागतात, पुढच्या पाच-सहा वर्षांत एकेक करून आणखी पाच, आणि आठवं, करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं हाड, आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. हा क्रम इतका ठरलेला असतो की मुलाचं हाडांचं वय काढायचं झालं तर डॉक्टर मनगटाचाच क्ष-किरण फोटो मागवतात. लिहिणं काही केवळ हाडांवर अवलंबून नसतं. स्नायू, नजर, बसायची ताकद हे सगळं त्यात येतं. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत पानभर अक्षरं गिरवायला लावणाऱ्याने तो फोटो एकदा पाहायला हरकत नाही.

पेन्सिल धरण्याचंही असंच असतं. दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरून अख्खा खांदा हलवतं. चारच्या आसपास खडू तीन बोटांत येतो, पण हालचाल अजून मनगट आणि कोपरातूनच होते. नुसती बोटं हलवून लिहिणं बहुतेकांना पाच-सहाच्या सुमारास साधतं. ते वहीने लवकर येत नाही. पिळणं, चिमटीत धरणं, दाबणं, ओवणं यांनी येतं. एप्रिल-मे हे तर महाराष्ट्रात वाळवणाचे महिने. पापडाच्या लाट्या करायला, शेवया पसरायला, कुरडयांवर लक्ष ठेवायला घरात लहान हात हवेच असतात. मटार सोलणारं, ओलं फडकं पिळणारं, बरणीचं झाकण फिरवणारं मूल अक्षरांचीच तयारी करत असतं. फक्त ती तयारी वहीत दिसत नाही आणि पाहुण्यांना दाखवता येत नाही. खरी अडचण ही दाखवण्याचीच आहे.

आकड्यांचीही हीच गत. ‘आमचा शंभरपर्यंत म्हणतो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणखान्यात ऐकू येईल. तो म्हणतोही, अगदी आगगाडीसारखा न थांबता. मग त्याला टेबलावरचे सात चमचे मोजायला सांगावेत. बोट एका चमच्यावर आणि तोंड दोन आकडे पुढे, असं पुष्कळदा होतं. एका वस्तूला एकच आकडा लावायचा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, हे कळणं ही गणिताची खरी पायरी. ती रोजच्या जेवणाची पानं घेताना चढता येते. आज जेवायला सहा जण, ताटं आहेत चार, अजून किती आणायची?

भारतात याचा एक मोठा अभ्यास झाला आहे. आंबेडकर विद्यापीठ, दिल्ली आणि ‘असर’ केंद्र यांनी 2011 पासून आसाम, राजस्थान आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या चार वर्षांच्या सुमारे 14,000 मुलांचा काही वर्षं माग ठेवला. बहुतेक मुलं कुठे ना कुठे जात होती, अंगणवाडीत म्हणा, खासगी बालवर्गात म्हणा. तरीही पाचव्या वर्षी शाळेसाठी लागणारी समज त्यांच्यात अपेक्षेपेक्षा बरीच कमी आढळली. खासगी वर्गांत बऱ्याच ठिकाणी पहिलीचाच अभ्यास खाली ओढून, फळ्यावरून उतरवून घेतला जात होता. अंगणवाडीत पुष्कळदा खाऊ वाटला की काम संपत होतं. दोन्हीकडे खेळ आणि गप्पा तुटपुंज्याच. गोष्ट ऐकून ‘मग पुढे काय झालं असेल?’ यावर डोकं चालवणं, ‘चप्पल बाहेर काढ आणि दप्तर खुंटीला लाव’ अशी दुहेरी सूचना लक्षात ठेवणं, यांना वेळ द्यायचा कोणी आणि कधी?

वयाचा गोंधळ वेगळाच. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणार असतील तर मूल जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. म्हणजे एकाच बाकावर साडेसहा वर्षांची जानेवारीतली मुलगी आणि जेमतेम साडेपाच वर्षांचा डिसेंबरातला मुलगा शेजारी-शेजारी बसतात. मोठ्या माणसांत एका वर्षाने काही बिघडत नाही. साडेपाच वर्षांच्या जिवाच्या मात्र तो आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. अमेरिकेत ज्या राज्यांत प्रवेशाची सीमा 1 सप्टेंबर आहे तिथल्या मुलांच्या नोंदी हार्वर्डच्या संशोधकांनी तपासल्या आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: वर्गात सगळ्यात लहान ठरणाऱ्या, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना ‘अतिचंचल, लक्ष न लागणारा’ असं वैद्यकीय निदान चिकटण्याचं प्रमाण सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा सुमारे 34 टक्के जास्त होतं. त्यांतल्या काहींचा दोष केवळ वाढदिवसाचा असणार. आपल्याकडे निदान क्वचित होतं. ‘लक्षच नसतं याचं’ असा शेरा मात्र सहज बसतो. नोव्हेंबर-डिसेंबरातलं मूल अजून बुजरं असेल, बसून राहणं जड जात असेल, तर एक वर्ष थांबण्यात काही गमावत नाही. नियम ‘बसू शकतं’ असं म्हणतो, ‘बसलंच पाहिजे’ असं नाही. शेजारचा बंटी एक इयत्ता पुढे गेला, एवढंच काय ते होईल.

आईवडिलांची तयारी हा या प्रकरणातला नाजूक भाग. शहरात ती बहुधा मुलाखतीच्या धास्तीने सुरू होते. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची कोणतीही चाळणी लावता येत नाही; लावली तर पहिल्या वेळी 25 हजार आणि त्यानंतर दर वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जन्मदाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. कायद्याचं वय मात्र सहा ते चौदा, त्यामुळे नर्सरीच्या दारात या कलमाची धार बोथट होते आणि ‘मुलाखत नाही हो, नुसती ओळख’ अशा नावाखाली तीन वर्षांच्या मुलाला रंग विचारले जातात. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 1993 मध्येच लहान वयात औपचारिक शिकवणीचा मारा म्हणजे मुलांवरची हिंसा आहे असं बजावलं होतं आणि नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या-मुलाखती बंद करा असं सुचवलं होतं.

गावात धास्ती निराळी. ‘थांब, शाळेत जा, मग बाई बघतील तुझ्याकडे’ हे वाक्य मूल जेवत नसलं की येतं, झोपत नसलं की येतं. दोन वर्षं शाळेचा बागुलबुवा करायचा आणि जूनमध्ये त्याच बागुलबुवाच्या हातात मुलाचं बोट द्यायचं. मग मूल रडतं तेव्हा आश्चर्य कसलं? यावर उपाय साधा आणि फुकट आहे. मे महिन्यात संध्याकाळी फिरताना शाळेच्या आवारात जाऊन यावं. नळ कुठे, मुतारी कुठे, झोपाळा कुठे, हे मुलाने पाहून ठेवावं. बाई गावातच राहत असतील तर एकदा त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, मुलासमोर आणि हसून.

निरोपाचा क्षण सगळ्यात जास्त बिघडवला जातो. मूल खेळण्यात रमलं की आईने नजर चुकवून सटकायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. शाळेतल्या बायाही तसंच सुचवतात. त्या युक्तीने तो दिवस निभावतो. दुसऱ्या दिवशी मूल रमत नाही, कारण रमलं की आई गायब होते हे त्याला कळलेलं असतं. जर्मनीत 1980 च्या दशकात बर्लिनच्या एका संस्थेने पाळणाघरांसाठी याची रीतसर पद्धत बसवली आणि ती तिथे आजही सर्रास वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासाभरासाठी येतात आणि एका कोपऱ्यात बसून राहतात. निरोप घ्यायचाच नाही. चौथ्या दिवशी सांगून, निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जायचं. मूल रडलं पण बाईंच्या कडेवर शांत झालं, तर पुढे वेळ वाढवत न्यायची. शांत झालं नाही, तर आणखी काही दिवस आईने बसायचं. साठ मुलांच्या वर्गात साठ आया बसवता येणार नाहीत हे खरं. पण त्यातला गाभा कुठल्याही शाळेच्या फाटकावर चालतो: निरोप छोटा घ्यायचा, खरा घ्यायचा, आणि ‘डबा खाऊन झाला की मी येते’ असं मुलाच्या घड्याळात सांगून त्या वेळी खरोखर यायचं. ‘आत्ता पाच मिनिटांत येते’ असं सांगून साडेबाराला उगवणारी आई जूनभर त्याची किंमत मोजते.

शरीराच्या गोष्टींबद्दल पुस्तकं फार बोलत नाहीत, मुलं मात्र पहिल्या आठवड्यात त्याच गोष्टींवर अडतात. चड्डीचं बटण किंवा नाडी आपली आपण सोडता येते का? घरी कमोड आणि शाळेत भारतीय शौचालय असेल, तर बसायचं कसं हे माहीत आहे का? चाळीस जणांसमोर उभं राहून ‘बाई, शू लागलीय’ म्हणायला जीभ रेटते का? रेटत नाही म्हणून दुपारपर्यंत धरून ठेवणारी मुलं असतात, आणि ती पाणीही पीत नाहीत. इंग्रजी माध्यमात हे वाक्य परभाषेत बोलावं लागतं. कोरकू, भिल्ली किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळाही तशीच परभाषेची असते, हे शहरी वाचकाच्या लक्षात येत नाही. बाईंनी त्याच्या बोलीतले शू-शी-पाण्याचे चार शब्द शिकून घेतले तर निम्मी तयारी तिथेच होते. डब्याचंही तसंच. डबा उघडता येतो का, हे पाहायचं राहून जातं आणि पोळीभाजी जशीच्या तशी घरी येते.

बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना ही सगळी यातायात वर्षात दोनदा करावी लागते. जूनमध्ये गावच्या पहिलीत नाव लागतं, दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर जातं आणि परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं असे उपाय झाले, काही चालले, काही कागदावर राहिले. जिथे आजी-आजोबा गावात मूल सांभाळतात तिथे ‘पालकांची तयारी’ म्हणजे त्या आजीची तयारी. शेवटच्या टेबलावरचं कार्ड तिच्या हातात द्यायला हवं, आणि तिला वाचता येत नसेल तर ते चित्रांत हवं.

शाळा सुरू झाली की घरचा पहिला प्रश्न असतो ‘आज काय शिकलास?’ त्याला सहा वर्षांच्या मुलाचं उत्तर बहुधा ‘काही नाही’ असंच असतं. कोणाशेजारी बसलास, कोणाच्या डब्यात काय होतं, कोण रडलं, असं विचारलं की कुलूप उघडतं आणि कोणी ढकललं तेही बाहेर येतं. पहिल्या दोन आठवड्यांत मूल घरी आल्यावर चिडचिड करतं, लवकर झोपतं, कधी पुन्हा अंथरूण ओलं करतं. दिवसभर शहाण्यासारखं वागून दमलेल्या मुलाचं हे नेहमीचंच लक्षण आहे. त्यावर शिकवणी लावणं हा उपाय नव्हे. रडणं मात्र चार-सहा आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, मूल खाईनासं झालं किंवा एखाद्या विशिष्ट माणसाच्या नावाने दचकू लागलं, तर वर्गात जाऊन बसून पाहावं. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानेच मनाई आहे.

आणि दिवाळीची सुट्टी संपली की जूनमध्ये हसत गेलेली मुलंही फाटकाशी पुन्हा रडतात. सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत झोपायची-उठायची वेळ जुन्या वळणावर आणावी, संध्याकाळी शाळेवरून एक चक्कर मारावी, आणि पहिल्या दिवशी फाटकावर पुन्हा तोच छोटा, खरा निरोप घ्यावा. या वेळी बहुतेकांना एवढं पुरतं.